सहा नंबरची बाटली

पगार सर गेल्यावर आमच्या चौकात त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. 'शास्त्रज्ञ, उद्योजक, माजी नगरसेवक डॉ. निंबा पगार'. फोटोत चेहरा उजळून इतका गोरापान केला होता की क्षणभर मी ओळखलंच नाही. नीट पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट खटकली. शर्टाच्या खिशात कायम असायची ती पेन्सिल नव्हती. मूळ फोटो कंपनीतलाच होता, मीच काढलेला, आणि त्यात पेन्सिल होती. फ्लेक्सवाल्याला ती फोटोवरचा ओरखडा वाटली असावी. त्याने पुसून टाकली.

सर पेन वापरत नसत. प्रयोगशाळेत नळ्यांवर, बशांवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्यांवर जी नावं लिहायची ती पेन्सिलीने, हा त्यांचा पहिला नियम. स्पिरिट सांडलं की शाई पसरते, शिसं जागचं हलत नाही. हा नियम त्यांनी पुढे सगळ्या आयुष्याला लावला. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही पेन्सिलीनेच नाव.

मी बी.एस्सी. होऊन त्यांच्याकडे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. देवळाली कॅम्पातून दोन बस बदलून अंबडला जायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, तिच्या एका टोकाला काचेची प्रयोगशाळा. तिथे जिवाणू खत तयार व्हायचं. गुळाच्या पाण्यात जिवाणू वाढवायचे, ते भुकटीत मिसळायचे आणि पाकिटं भरून शेतकऱ्यांना पाठवायची. सर आधी सरकारी संशोधन केंद्रात होते. तिथे लिहिलेले निबंध कपाटात जातात आणि शेतात काही जात नाही, म्हणून नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग काढला होता. आडनावावरून रोज एक तरी विनोद व्हायचा. "पगार कधी होणार?" असं कुणी विचारलं की सर गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "झालेला आहे. नामपूरला. आईने केला."

पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'वैशालीताई' म्हटलं. वयाने त्यांच्या मुलीसारखी होते, तरी 'तू' कधी नाही.

माणसांची नावं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. शेतकरी आठवायचे ते जमिनीवरून. "ते चोपण जमिनीवाले आले होते का? ज्यांच्या शेतात पाणी मुरत नाही ते?" असं विचारायचे. कुणी मातीची पिशवी आणली की आधी चिमूटभर नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि समोरचा नामपूर-सटाण्याकडचा असेल तर आपसूक अहिराणीत बोलायचे, "माटी जित्ती शे." जिवंत आहे. एवढं ऐकून म्हातारे शेतकरी असे खुलायचे, जणू डॉक्टरांनी घरच्या माणसाचा रिपोर्ट चांगला सांगितला. लग्नाकार्याला गेले तरी मांडवामागच्या शेतातली माती रुमालात बांधून आणायचे. त्यांच्या पत्नी निर्मलाताई शाळेत शिकवत. त्या म्हणायच्या, "लोकांचे नवरे लग्नातून बुंदी आणतात. आमच्याकडे शर्ट धुवायला घ्यायच्या आधी झाडावा लागतो."

दुसऱ्या महिन्यात माझ्या हातून एक प्रकार घडला. मी तयार केलेल्या वीस काचेच्या बशांमध्ये जिवाणूंऐवजी हिरवीकाळी बुरशी उगवली. मी घाबरले. कुणी यायच्या आत सगळ्या बशा कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि वर कागद पसरले. जेवणाच्या सुट्टीनंतर पाहते तर त्या वीसच्या वीस बशा माझ्या टेबलावर ओळीने मांडलेल्या. शेजारी सर उभे.

"वैशालीताई, केवढी सुंदर वाढलीय बघा," ते म्हणाले. "तुम्ही बोलावली नव्हती, तरी आली. पण आली कुठून, हे विचारलं का तिला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. स्टूल ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं शोधत राहिलो. पाणी तपासलं, हवा तपासली, माझे हात तपासले. शेवटी कळलं की बशा ज्यात वाफेवर निर्जंतुक करतो त्या भांड्याची रबरी रिंग झिजली होती. वाफ गळत होती. माझी चूक नव्हतीच.

"बशा लपलेल्याच राहिल्या असत्या, तर त्यांच्याबरोबर रिंगही लपली असती," एवढंच ते म्हणाले, आणि चहा मागवला.

त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "मला माहीत नाही. बघून सांगतो." इतका शिकलेला माणूस दिवसातून दहा वेळा हे वाक्य बोलायचा आणि त्यात त्यांना काडीची लाज वाटायची नाही. आणि बघून सांगायचेच. कधी आठवड्याने, कधी दोन महिन्यांनी, पण ज्याने विचारलं त्याला शोधून सांगायचे. विचारणारा तोवर प्रश्न विसरलेला असायचा.

या स्वभावानेच त्यांना राजकारणात नेलं, असं म्हटलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण झालं तसंच.

एका वर्षी कांद्याच्या रोपांसाठी खताचा मोठा माल चांदवडकडे गेला होता. प्रत्येक खेपेचं एक पाकीट आम्ही कारखान्यात ठेवून नंतर तपासायचो. ते पाकीट तपासलं आणि बशीत काहीच उगवलं नाही. पुन्हा तपासलं. पुन्हा काही नाही. भुकटी सुकवताना यंत्र जास्त तापलं होतं आणि जिवाणू मेले होते. शेतकऱ्यांच्या घरात आमची पाकिटं होती आणि त्यांत नुसती काळी भुकटी.

सरांनी आमचे टेंपोचालक विष्णूभाऊ बोडके यांना गाडी काढायला सांगितली. विष्णूभाऊ मखमलाबादच्या भाजीवाल्यांच्या घरातले, तोंडाचे फटकळ.

"सर, दुकानदारांना फोन करून माल परत मागवू. आपण कशाला जायचं?"

"दुकानातून जो गेला तो?"

त्या दिवशी चांदवडचा बाजार होता. सरांनी एका भाजीवाल्याचा स्पीकर मागून घेतला आणि हातगाडीवर उभे राहिले. पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल, हातात आमचंच पाकीट.

"मंडळी, हे खत माझ्या कारखान्यातलं आहे. हे मेलेलं आहे. रोपाला लावू नका. काही उपयोग होणार नाही आणि तुमचा हंगाम जाईल. चूक माझी आहे. पाकीट मला परत द्या, नवं घरपोच येईल."

बाजारात कुठूनतरी हसू फुटलं. एक म्हातारे शेतकरी गाडीजवळ येऊन म्हणाले, "माल घ्या माल घ्या म्हणणारे लय पाह्यले. नका घेऊ म्हणणारा तूच पहिला रे बाबा."

कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. आठवडाभरात ते व्हॉट्सॲपवर नाशिकभर फिरलं. सरांच्या प्रभागात निम्मी घरं चांदवड, सटाणा, कळवणकडून कारखान्यांत नोकरीला आलेल्यांची. महापालिकेची निवडणूक जवळ आली होती. कॉलनीतले चार ज्येष्ठ लोक एका रविवारी सरांच्या घरी आले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही उभे राहा."

सरांनी विचारलं, "नगरसेवक नेमकं काय करतो?"

चौघांनी चार उत्तरं दिली. मग सर म्हणाले, "मला माहीत नाही. बघून सांगतो." तीन दिवस महापालिकेत बसून त्यांनी नियमांचं पुस्तक वाचलं आणि चौथ्या दिवशी अर्ज भरला. अपक्ष. चिन्ह मिळालं बादली.

प्रचारात मी आणि विष्णूभाऊ रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर असायचो. एका घरी बाईंनी दारातच विचारलं, "तुम्ही आलात तर दोन वेळ पाणी येईल का?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "टाकी किती उंच आहे ते बघून सांगतो."

विष्णूभाऊंनी मागून त्यांचा शर्ट ओढला. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "सर, हो म्हणायचं असतं."

"आणि नाही आलं तर?"

"तोवर पाच वर्षं जात्यात की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सर एकटेच स्कूटरवरून त्या बाईंकडे गेले. टाकीची उंची मोजून आले होते. "दोन वेळ येणार नाही," त्यांनी सांगितलं. "तुमची गल्ली टाकीच्या पातळीला आहे. मध्ये मोटार बसवली तर एक वेळ, पण नीट जोरात येईल. तेवढं मी करू शकेन." त्या बाईंनी ही गोष्ट अख्ख्या गल्लीला सांगितली. विष्णूभाऊंनी आठवडाभर डोक्याला हात लावला, आणि सर थोडक्या मतांनी निवडून आले.

नगरसेवक झाल्यावरही काही बदललं नाही. नागरिकांची नावं लक्षात राहत नव्हतीच, आता ते 'गटार फुटलेल्या ताई' आणि 'दिवा गेलेले काका' झाले. त्यांची पहिली फाइल महापालिकेतून परत आली, कारण सही पेन्सिलीने केली होती. मी त्यांच्याबरोबर होते. कारकून वैतागला होता.

"साहेब, शाईची सही लागते."

"स्पिरिट सांडलं तर जाईल हो ती."

"इथे स्पिरिट कोण सांडणार?"

सरांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "हे बरोबर आहे," आणि त्याच्याकडूनच पेन मागून सही केली. पेन परत द्यायला विसरले नाहीत. ते त्यांना बाळगायचंच नव्हतं.

मोटार बसली. रस्त्यावरचे दिवे लागले. आणि तिसऱ्या वर्षी नाल्याचं प्रकरण आलं.

कारखान्यांच्या मागून एक नाला वाहतो. त्याच्या काठी पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेल्या लोकांची वस्ती आहे. त्यांच्या बायका नाल्यावरच कपडे धुवायच्या, मुलं तिथेच खेळायची. त्या उन्हाळ्यात नाला घाण मारायला लागला. मुलांच्या अंगावर फोड आले. यमुनाबाई म्हणून एक बाई होत्या, बांधकामावर विटा वाहायच्या. त्या पंधरा-वीस बायकांना घेऊन सरांच्या दारात आल्या.

"साहेब, ह्ये पाणी पोरांना खातंय. कोन सोडतो ते तुमी बघा. नायतर आमी कारखान्यावर दगडं मारू."

सगळ्यांचा संशय होता कोपऱ्यावरच्या एका कारखान्यावर, जिथे धातूला मुलामा देतात. वस्तीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे त्यांचंच नाव. सर म्हणाले, "तपासल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. मी बर्फाचा डबा धरलेला, सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात. खालून वर चाललो होतो. दर काही अंतरावर ते एक बाटली भरायचे, तिच्या पट्टीवर पेन्सिलीने नंबर लिहायचे आणि माझ्या हाती द्यायचे. एक, दोन, तीन. सगळीकडे तोच करडा फेस. मुलामावाल्यांच्या भिंतीखाली चार नंबर. त्यांच्या वरच्या अंगाला पाच नंबर, आणि फेस तसाच. म्हणजे त्यांच्याही वरून येत होतं. सरांनी सहा नंबरची बाटली भरली आणि आणखी तीस-चाळीस पावलं वर जाऊन सातवी भरली. सातव्या बाटलीतलं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं.

सहा आणि सात यांच्या मध्ये आमची भिंत होती.

सरांनी सहा नंबरचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं. "वैशालीताई, वास घ्या."

मला घ्यायची गरज नव्हती. आंबलेल्या गुळाचा तो गोडसर वास माझ्या केसांत, डब्यात, ओढणीत इतकी वर्षं होता.

"सर, आपला आहे," मी म्हणाले.

शेडमागच्या सांडपाण्याच्या टाकीला जमिनीखाली तडा गेला होता. यंत्रं धुतलेलं गुळाचं पाणी झिरपून नाल्यात जात होतं आणि तिथे सडत होतं. आमच्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता.

विष्णूभाऊंनी ऐकलं आणि दार लावून घेतलं. "सर, रिपोर्ट तुम्हीच देणार ना? सहा नंबरची बाटली वाटेत फुटली म्हणा. टाकी गुपचूप दुरुस्त करू. नाला साफ होईल, लोकांचं काम होईल, कुणाचं काय बिघडलं?"

खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी सरांकडे आशेने पाहत होते. त्यांनी खाली वाकून दुमडलेली पँट सरळ केली. मग म्हणाले, "त्या मुलामावाल्याच्या पोरांना शाळेत लोक काय काय बोललेत, ते तुम्हाला माहीत आहे का विष्णू?"

समाजमंदिरात सभा झाली. सरांनी सातही बाटल्या टेबलावर मांडल्या आणि एकेक करून सांगत गेले. सहाव्याशी आले तेव्हा थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे पाणी माझ्या कारखान्यातलं आहे. तुमच्या मुलांना जो त्रास झाला तो माझ्यामुळे. आजपासून कारखाना बंद. टाकी नवी होईपर्यंत चालू होणार नाही. मुलांच्या औषधपाण्याचं मी बघतो."

या वेळी कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "मतं मागायला आलेला तेव्हा वास नाय आला का?" एक चप्पल टेबलाजवळ येऊन पडली. यमुनाबाई उठल्या. मला वाटलं आता त्याही शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमी नसतं सांगितलं तर आमाला कळलं असतं का?"

"नसतं कळलं," सर म्हणाले.

त्या खाली बसल्या.

कारखाना पाच महिने बंद राहिला. आणि हे लिहायला हवं की मी सरांवर रागावले होते. माझ्या नवऱ्याची नोकरी त्याच वर्षी गेली होती. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाले, "सर, नाल्यावरच्या बायका तुम्हाला दिसल्या. आम्ही नाही दिसलो?"

ते उत्तर देतील, समजावतील, असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माती तपासणी तेवढी सुरू ठेवली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या आम्हा चौघांचं काम टिकलं. बाकीच्यांसाठी स्वतः स्कूटरवरून ओळखीच्या कारखान्यांत फिरले. नगरसेवक माणूस दुसऱ्यांच्या गेटवर रजिस्टरात नाव लिहून आत जायचा, आणि "आमची एक मुलगी आहे, हुशार आहे," असं सांगायचा. विष्णूभाऊंनी ते महिने भाजीची गाडी चालवली. नवी टाकी झाली, तिच्यापुढे सरांनी कर्दळीचा लांब वाफा लावला. सांडपाणी टाकीतून त्या मुळांत मुरून मगच पुढे जायचं. पहिल्या पाण्याची बाटली भरून ते स्वतः यमुनाबाईंना दाखवायला गेले. पुढची कितीतरी वर्षं दर महिन्याला गेले.

पुढच्या निवडणुकीत ते पडले. समोरच्यांनी फलकांवर नुसता नाला छापला होता. बाकी प्रभागात त्यांना फार मतं पडली नाहीत. वस्तीच्या केंद्रावर मात्र ते पुढे होते. निकालाच्या संध्याकाळी विष्णूभाऊ ढसाढसा रडले. सर त्यांना म्हणाले, "विष्णू, मला वस्तीतल्यांनी मत का दिलं असेल हो?" त्याचं उत्तर त्यांना सापडलं असेल तर त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

काही वर्षांनी त्यांचे हात थरथरायला लागले. बारीक तारेच्या टोकावर जिवाणू उचलून नळीत ठेवायचं काम त्यांना जमेना. एक दिवस नळी फुटली, तेव्हा त्यांनी ती तार माझ्या हातात दिली आणि काचेपलीकडे जाऊन बसले. त्या वर्षी कारखाना आम्हा जुन्या लोकांच्या हाती सोपवून ते आणि निर्मलाताई नामपूरला गेले.

गेल्या दिवाळीनंतर मी भेटायला गेले होते. मोसम नदीच्या बाजूला लहानसं घर. बोलणं आता हळू झालं होतं, पण विचारणं तेवढंच. माझ्या मुलीच्या परीक्षेचं, कारखान्यातल्या नव्या फ्रिजचं, यमुनाबाईंच्या गुडघ्यांचं. यमुनाबाईंचं नाव त्यांनी एकदाही चुकवलं नाही. निर्मलाताईंनी बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी केली होती. सरांना घास उचलायला वेळ लागायचा, म्हणून ताई आणि मीही सावकाश जेवलो.

बसला सोडायला नका येऊ म्हटलं तरी ते आले. स्टँडवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची गर्दी होती, बस आडवी लागली होती. त्यांनी कंडक्टरला गाठून माझ्यासाठी खिडकीची जागा सांगितली. मी आत जाऊन बसले तर ते खिडकीखाली उभे. निरोप द्यायला उजवा हात उचलला, पण तो इतका थरथरत होता की हलवणं आणि थरथरणं वेगळं कळेना. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट धरलं, आणि मग तो हात नीट, सावकाश, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत हलवला. बस वळून ट्रॅक्टरांच्या मागे जाईपर्यंत ते तसेच उभे होते, एका हाताने दुसरा हात उंच धरून.